खुर्द्याची गणती : आर्मेनियन संहार आणि ऐतिहासिक कादंबरी

१

पानिपतच्या पराभवाची वार्ता नानासाहेब पेशव्यांना ज्या सांकेतिक पत्राने कळली असे सांगतात, ते पत्र मराठी माणसाला शाळेपासून परिचित आहे. त्याची भाषा सावकारी आहे. मोती गेले, मोहोरा गेल्या, हे त्यात मोजून सांगितले आहे. रुपये आणि खुर्दा यांच्यापाशी आल्यावर मात्र लिहिणाऱ्याने हिशेब सोडून दिला आहे. मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव, मोहोरा म्हणजे नामांकित सरदार, हे कोणासही समजावून द्यावे लागत नाही. खुर्दा म्हणजे कोण, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. किंबहुना एखाद्या जमावाची वाताहत झाली की ‘खुर्दा उडाला’ असे आपण सहज बोलून जातो, आणि त्या शब्दात मोजदाद न झालेली माणसे आहेत याचे भान बोलताना राहत नाही.

प्रस्तुत लेखात ज्या कादंबऱ्यांचा विचार करावयाचा आहे, त्यांचा विषय पानिपतापासून फार दूरचा आहे. १९१५ साली व त्यानंतरच्या काळात ऑटोमन साम्राज्यातील आर्मेनियन समाजाचा जो संहार झाला, त्यावर युरोपात व अमेरिकेत गेली नव्वदहून अधिक वर्षे कादंबऱ्या लिहिल्या जात आहेत. तरीही प्रारंभ पानिपताच्या पत्राने केला तो अशासाठी की, या कादंबऱ्यांचे वाङ्मयीन मूल्य ठरविताना जो प्रश्न समोर येतो तो या पत्रात आधीच दडलेला आहे. मोत्यांची आणि मोहोरांची कथा सांगण्याची विद्या ऐतिहासिक कादंबरीला चांगली अवगत आहे. ज्याची गणतीच झाली नाही त्या खुर्द्याची कथा तिला सांगता येते काय? आणि सांगावयाची झाल्यास तिला आपला घाट तसाच ठेवता येईल काय?

या विषयाकडे वळताना समीक्षकाची एक अडचण होते, तीही आरंभीच नोंदवावी. लक्षावधी निरपराध माणसांच्या मरणावर लिहिलेल्या पुस्तकाचे गुणदोष पाहणे हेच पुष्कळांना अप्रशस्त वाटते. अशा पुस्तकापुढे हात जोडावेत, चिकित्सा करू नये, असा एक सात्त्विक संकोच वाचकाच्या मनात असतो. हा संकोच आदरणीय असला तरी वाङ्मयविचारात त्याला स्थान देता येणार नाही. विषयाचे पावित्र्य हे कलाकृतीचे मूल्य नव्हे. उलट, विषय जितका मोठा तितकी त्याच्या आश्रयाने सामान्य लेखन खपून जाण्याची भीती अधिक. मृतांविषयी आदर असेल, तर त्यांच्या नावाने लिहिलेले लेखन खरे आहे की नाही हे पाहणे हाही त्या आदराचाच भाग ठरतो.

२

घटना थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. पहिल्या महायुद्धात ऑटोमन तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने उतरले, तेव्हा तेथील सत्ता ‘एकता आणि प्रगती’ या नावाच्या पक्षातील तलात, एन्व्हर व जमाल या त्रयीच्या हाती होती. २४ एप्रिल १९१५ च्या रात्री कॉन्स्टँटिनोपल शहरात आर्मेनियन समाजातील लेखक, पत्रकार, शिक्षक, वकील आणि पुढारी यांची धरपकड सुरू झाली. त्यानंतर अनातोलियातील गावेच्या गावे रिकामी करून तेथील आर्मेनियन लोकांना सीरियाच्या वाळवंटाकडे पायी हाकलण्यात आले. पुरुषांना बहुधा वाटेच्या आरंभीच वेगळे काढून ठार केले जाई. बायका, मुले आणि म्हातारे चालत राहत. भुकेने, तहानेने, रोगाने आणि शस्त्राने मेलेल्यांची संख्या वेगवेगळ्या अंदाजांनुसार ६ लाखांपासून १५ लाखांपर्यंत दिली जाते. रास अल-ऐन आणि देर एझ-झोर ही त्या वाटेच्या शेवटची नावे. वंशसंहार या अर्थाची आजची संज्ञा राफाएल लेमकिन या कायदेपंडिताने १९४४ साली घडविली, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे ज्या घटना होत्या त्यांत आर्मेनियाची घटना प्रमुख होती. जगातील बहुसंख्य इतिहासकार ही संज्ञा येथे लागू मानतात. तुर्कस्तानचे शासन मानीत नाही.

वाङ्मयाच्या अभ्यासकाला यातील एक गोष्ट विशेष बोचावी. या संहाराचा आरंभ लेखकांपासून झाला. दानिएल वारुझान आणि सियामांतो हे पश्चिम आर्मेनियन भाषेतील दोन श्रेष्ठ कवी, तसेच क्रिकोर झोहराब हा कथाकार, काही महिन्यांच्या आत मारले गेले. लोकगीतांचा संग्राहक कोमितास जिवंत परतला, परंतु त्याचे मन पुन्हा सावरले नाही. अटकेच्या यादीतील एकमेव स्त्री झाबेल येसायान निसटली. १९०९ च्या अदाना येथील कत्तलीनंतर तेथे जाऊन जे पाहिले त्यावर तिने १९११ साली एक ग्रंथ लिहिला होता, आणि तो आजही साक्षीवाङ्मयातील एक श्रेष्ठ ग्रंथ मानला जातो. एखाद्या समाजाचा संहार होतो तेव्हा त्या संहाराची कथा ज्यांनी लिहावयाची तेही त्याबरोबरच जातात. पानिपताला निदान बखरकार लाभले.

म्हणूनच या विषयावरील सर्वांत गाजलेली कादंबरी आर्मेनियन माणसाने लिहिली नाही, यात नवल वाटू नये.

३

फ्रान्ट्स वेर्फेल हा प्राग येथे १८९० साली जन्मलेला ज्यू, जर्मन भाषेत लिहिणारा कवी व कादंबरीकार. दमास्कसच्या प्रवासात गालिच्यांच्या कारखान्यात काम करणारी हातपाय वाळलेली आर्मेनियन निर्वासित मुले त्याने पाहिली आणि त्या दृश्यातून ‘मुसा दागचे चाळीस दिवस’ ही प्रचंड कादंबरी निर्माण झाली. ती १९३३ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली, त्या वर्षाच्या आरंभी हिटलर जर्मनीत सत्तेवर आला होता. पुढल्याच वर्षी तेथे तिच्यावर बंदी आली. नंतरच्या दशकात पोलंडमधील ज्यू लोकांच्या कोंडवाड्यांत ती हातोहात वाचली गेली. एखाद्या ऐतिहासिक कादंबरीला असे वाचक लाभावेत ही गोष्ट वाङ्मयेतिहासात दुर्मिळ आहे. परंतु हा तिच्या भवितव्याचा इतिहास झाला. तिच्या गुणांचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे.

कथानकाला आधार असलेली घटना खरी आहे. अंटिओकजवळच्या मुसा दाग, म्हणजे मोशेच्या डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या आर्मेनियन गावांतील लोकांनी हद्दपारीचा हुकूम मानला नाही. ते डोंगरावर चढले, त्यांनी मोर्चे बांधले आणि फ्रेंच युद्धनौकांनी सप्टेंबर १९१५ मध्ये सुटका करीपर्यंत तुर्की सैन्य थोपवून धरले. ४,००० च्या वर माणसे अशा रीतीने वाचून इजिप्तमधील पोर्ट सैद येथे पोचली. त्यांच्या प्रतिकाराचे दिवस प्रत्यक्षात ५३ मानले जातात. वेर्फेलने ते ४० केले. प्रलयाचे चाळीस दिवस, सिनाई पर्वतावर मोशेचे चाळीस दिवस, ही बायबलातील गणती त्याला हवी होती. इतिहासात असा बदल करण्याचा कादंबरीकाराला अधिकार आहे. परंतु ज्या दिशेने तो केला आहे ती दिशा पाहण्यासारखी आहे. घटनेला पुराणाची उंची द्यावी, ही ती दिशा.

नायक गाब्रिएल बाग्राद्यान हा श्रीमंत घरातील, पॅरिसमध्ये तेवीस वर्षे काढलेला, फ्रेंच पत्नी आणि मुलगा यांसह वडिलोपार्जित गावी आलेला आर्मेनियन. तो अर्धा परका आहे. आपल्याच लोकांमध्ये तो पाहुण्यासारखा येतो, त्यांचा सेनापती होतो, डोंगरावर मुलगा स्टेफान गमावतो, आणि नौका आल्यावर सर्वांची सुटका होत असता मुलाच्या थडग्यापाशी मागे राहून मारला जातो. मोशेने वचनभूमी दुरून पाहावी आणि तिच्यात पाऊल टाकू नये, तसा हा शेवट योजलेला आहे. कथेची बांधणी भक्कम आहे, प्रसंगांची गुंफण कुशल आहे, लढायांची वर्णने उत्कंठावर्धक आहेत. एक मोती घ्यावा, त्याला परिस्थितीच्या कोंदणात बसवावे आणि त्याच्या तेजाने सारे उजळावे, ही ऐतिहासिक कादंबरीची नेहमीची रीत वेर्फेलने परिपूर्णतेस नेली आहे.

आणि नेमकी येथेच शंका उभी राहते. आर्मेनियात जे घडले त्यात मुसा दाग हा अपवाद होता. बहुसंख्य गावे डोंगरावर चढली नाहीत. त्यांना चढण्यास डोंगर नव्हता, हत्यार नव्हते, अवधी नव्हता. पानिपतावर खुर्दा गेला तो मोत्यांबरोबर, लढाईच्या ओघात गेला; आर्मेनियात खुर्दा हेच लक्ष्य होते. अशा घटनेची कादंबरी लिहिताना जो प्रतिकार करून वाचला त्याची कथा निवडली, तर कथेला आदि, मध्य आणि अंत मिळतो, वाचकाला धैर्य मिळते. परंतु घटनेचा गाभा कथेच्या बाहेर राहतो. वाळवंटात चालणारी रांग क्षितिजावर दिसत राहते, कथा डोंगरावर चालू असते.

वेर्फेलची बाजू घेऊन असे म्हणता येईल की, निव्वळ चालत जाणे आणि मरणे यांची कादंबरी होऊ शकत नाही; संघर्षावाचून कथानक नाही. हे म्हणणे वजनदार आहे. परंतु त्याचे उत्तर वेर्फेलच्याच पुस्तकात आहे. या कादंबरीतील सर्वांत टिकाऊ भाग लढायांचे नाहीत. योहान्नेस लेप्सियुस हा जर्मन पाद्री कॉन्स्टँटिनोपलमध्ये एन्व्हर पाशाला भेटून दयेची याचना करतो, हा प्रसंग घ्या. अशी भेट १९१५ साली खरोखरच झाली होती. वेर्फेलचा एन्व्हर क्रूर दिसत नाही. तो देखणा, सभ्य, हसतमुख आहे; त्याच्या अंतःकरणात अपराधाची जागाच रिकामी आहे. लेप्सियुसचे शब्द त्या सभ्यतेवरून पाण्यासारखे ओघळून जातात. येथे तलवार नाही, रक्त नाही, तरी संहाराचे खरे स्वरूप जितके येथे प्रत्ययास येते तितके तोफांच्या धडधडाटात येत नाही. शासन माणसांना मारते ते संतापून नव्हे, कामकाज म्हणून मारते, हे वेर्फेलने हिटलरच्या उदयकाळी ओळखले. त्याच्या प्रतिभेची साक्ष येथे आहे.

दुसरा भाग म्हणजे काही गौण पात्रे. बालपणीच्या कत्तलीत सारे कुटुंब गमावलेला आणि तेव्हापासून कशावरच विश्वास न उरलेला सार्किस किलिक्यान. झैतून येथील अनाथालयातून आलेली सातो ही कुरूप, खोडसाळ, कोणासही नकोशी मुलगी. स्मशानाच्या आश्रयाने राहून मेलेल्यांसाठी रडण्याचे काम करणारी नुनिक. नायकाच्या उदात्त योजनेत यांना जागा सापडत नाही. बाग्राद्यानला किलिक्यानचे काय करावे हे शेवटपर्यंत कळत नाही. लेखकालाही ते पुरते कळले असे वाटत नाही. सातोविषयी त्याची लेखणी निष्ठुर होते. परंतु ही पात्रे कादंबरीतून निघून जात नाहीत. पुस्तक मिटल्यावर नायकाचे मरण चित्रासारखे आठवते, सातो माणसासारखी आठवते. हा खुर्दा आहे, आणि तो मोत्याला पुरून उरतो.

वेर्फेलचा तिसरा गुण आपल्या देशातील वाचकाने अवश्य लक्षात घ्यावा. त्याने हा संहार एका धर्माच्या माथी मारलेला नाही. त्याच्या कादंबरीत आर्मेनियन शेजाऱ्यांसाठी धडपडणारा वृद्ध, श्रद्धाळू मुसलमान आहे, दर्वेशांच्या मठात या पापाने व्यथित झालेले तुर्क आहेत. युरोपातून उचललेला, सर्वांना एका साच्यात बसवू पाहणारा आक्रमक राष्ट्रवाद हा त्याच्या दृष्टीने अपराधी आहे. संहाराची कादंबरी सूडाची चिथावणी होऊ शकते, हा धोका ज्या देशाने फाळणी पाहिली त्याला समजावून सांगावयास नको. वेर्फेलने तो टाळला आहे, आणि तो उपदेश करून टाळलेला नाही, पात्रे निर्माण करून टाळला आहे.

४

आर्मेनियन लेखकांनी स्वतः काय केले, हे आता पाहू. हागोप ओशागान हा त्या भाषेतील फार मोठा कादंबरीकार व समीक्षक. संहारातून वाचल्यावर त्याने ‘मनात्सोर्तात्स’, म्हणजे ‘उरलेले’, ही महाकादंबरी लिहावयास घेतली. १९३० च्या दशकात तिचे भाग प्रसिद्ध झाले. त्यांत संहारापूर्वीचे गाव आहे, घराणी आहेत, वासना आहेत, शेजारचे तुर्क आहेत. हद्दपारीचा शेवटचा भाग, ज्याचे नाव त्याने ‘नरक’ असे योजिले होते, तो मात्र त्याने कधीच लिहिला नाही. ज्याच्यासाठी एवढी इमारत रचली तोच गाभारा रिकामा राहिला. या रिकाम्या जागेला अपयश म्हणावे की प्रामाणिकपणाची परिसीमा म्हणावी, याविषयी मतभेद संभवतात. प्रस्तुत लेखकाला ती वेर्फेलच्या चाळीस दिवसांइतकीच बोलकी वाटते. ज्याने बाहेरून पाहिले त्याला कथा मिळाली. ज्याने आतून भोगले त्याला शब्द मिळाला नाही.

पुढच्या पिढ्यांनी या रिकाम्या जागेभोवती निरनिराळ्या वाटांनी फेऱ्या घातल्या आहेत. एदगार हिल्सेनराथ या जर्मन ज्यू लेखकाने १९८९ साली मरणाऱ्या माणसाच्या शेवटच्या विचाराला कथेकरी गोष्ट सांगतो आहे, अशी परीकथेची चौकट घेतली. विनोद, अश्लीलता, लोककथा आणि यातना यांची त्याने केलेली सरमिसळ सोवळ्या अभिरुचीला धक्का देणारी आहे. परंतु तिच्यामुळे मेलेली माणसे पुतळे होत नाहीत. ती भांडतात, खोटे बोलतात, जेवतात. मिशेलिन अहारोनियन मार्कोम हिने २००१ च्या कादंबरीत खारपूत शहराची कथा अनेक तुटक आवाजांत वाटून टाकली. तेथे नायक नाही. एके ठिकाणी तर अफवाच कथा सांगते. वाचकाला ही रचना कष्टदायक होते हे खरे; परंतु ज्या शहरात कोणालाच सबंध गोष्ट ठाऊक नव्हती, त्या शहराची सबंध गोष्ट सांगण्याचा आव न आणणे हे तिथे कलात्मक सत्य ठरते.

याउलट, पादुआ येथील विदुषी अन्तोनिया आर्सलान हिच्या २००४ च्या कादंबरीत आपल्याच घराण्याची कथा आहे. पुरुषांचा वध, स्त्रियांची आलेप्पोपर्यंतची पायपीट, मुलीच्या वेशात वाचलेला मुलगा, हे सर्व तीत आहे. कथा हृदयाला भिडते. परंतु पुढे काय होणार याचे सुस्कारे निवेदिका आधीच इतक्या वेळा टाकते की, पात्रांना स्वतःचा भविष्यकाळ उरत नाही. ज्यांचे मरण आपल्याला ठाऊक आहे त्यांना त्यांचे अज्ञान परत द्यावे, ही ऐतिहासिक कादंबरीची पहिली शिस्त. अश्रूंच्या भरात ती येथे सुटली आहे.

एलिफ शफाक या तुर्की लेखिकेच्या २००६ मधील कादंबरीचा उल्लेख वेगळ्या कारणासाठी करावा लागतो. तीत इस्तंबूलमधील एक तुर्की कुटुंब आणि अमेरिकेतील एक आर्मेनियन कुटुंब यांची गुंतागुंत आहे. रचना पसरट आहे, योगायोग फार आहेत. परंतु तिच्यातील एका पात्राच्या तोंडच्या वाक्यांवरून लेखिकेवर तुर्कस्तानात राष्ट्राचा अवमान केल्याचा खटला झाला. त्यातून ती त्याच वर्षी निर्दोष सुटली. काल्पनिक पात्राचे बोलणे ऐकून शासन घाबरते, यावरून इतिहासाच्या कोर्टात कादंबरीची साक्ष अगदीच कवडीमोल नसावी, एवढे अनुमान काढावयास हरकत नाही.

५

आता हा सर्व विचार घरी आणावयाचा आहे. मराठी ऐतिहासिक कादंबरीची परंपरा गुंजीकरांच्या ‘मोचनगड’पासून (१८७१) धरली तर दीडशे वर्षांची आहे, आणि तिला विनाशाचा विषय अपरिचित नाही. हुबळी-धारवाडच्या वाचकाला तर त्याचे उदाहरण जवळचेच आहे. हंपी येथून फार दूर नाही. १५६५ सालच्या लढाईनंतर विजयनगरचा जो विध्वंस झाला, त्यावर हरिभाऊ आपट्यांनी ‘वज्राघात’ लिहिली, तीही आर्मेनियाच्या संहाराच्याच सुमारास. हरिभाऊंची प्रतिभा अशी की, एवढ्या मोठ्या साम्राज्याच्या नाशाला त्यांनी मानवी हृदयात कारण शोधले. रामराजा, त्याला दुरावलेली मेहेरजान आणि त्यांचा मुलगा रणमस्तखान यांच्या दैवाभोवती त्यांनी कथा गुंफली. शोकात्मिका म्हणून ही योजना भव्य आहे. परंतु तिच्यामुळे नगराचा नाश हा एका पुरुषाच्या अपराधाचा परिपाक ठरतो. ज्यांनी मेहेरजानचे नावही ऐकले नव्हते ते विणकर, फुलारी, पाथरवट आणि त्यांच्या लेकीसुना कोणत्या अपराधासाठी गेल्या, हे कादंबरी विचारीत नाही. तिच्या घाटात तो प्रश्न बसत नाही.

विश्वास पाटील यांच्या ‘पानिपत’ने (१९८८) त्या मानाने दृष्टी पुष्कळ विस्तारली. सैन्याची उपासमार, दाणागोट्याचा हिशेब, थंडी, बाजारबुणगे आणि यात्रेकरू यांचा लोंढा या गोष्टी तेथे प्रत्ययकारी झाल्या आहेत. तरीही कादंबरीचा कणा सदाशिवरावभाऊ हाच आहे, आणि त्याच्यावरील कलंक धुऊन काढणे ही तिची प्रेरणा आहे. म्हणजे खुर्दा दिसू लागला आहे, परंतु हिशेब अजून मोत्याचाच चालला आहे. ‘श्रीमान योगी’च्या प्रस्तावनेत नरहर कुरुंदकरांनी ऐतिहासिक पुरुष आणि कादंबरीतील नायक यांच्या संबंधाची जी चर्चा केली, तिने आपली जाण वाढविली. परंतु ती चर्चाही स्वभावतःच थोर पुरुषाभोवतीची होती. ज्याचा कागद नाही, ज्याची वंशावळ नाही, त्याच्यासंबंधी ऐतिहासिक सत्य म्हणजे काय, हा प्रश्न तिच्या पलीकडे उरतो.

या प्रश्नाचे एक उत्तर धारवाडातच लिहिले गेले होते, हे मात्र आपण विसरतो. जी. ए. कुलकर्णी यांनी येथील महाविद्यालयात इंग्रजी शिकविता शिकविता कॉनरॅड रिक्टरच्या ज्या कादंबऱ्या मराठीत आणल्या, त्यांत ‘रानातील प्रकाश’ ही एक आहे. रेड इंडियनांनी लहानपणी पळवून नेलेला आणि त्यांच्यातच वाढलेला गोरा मुलगा तहानंतर सक्तीने जन्मदात्यांकडे परत पाठविला जातो, आणि शेवटी दोन्ही समाजांना पारखा होतो. एक समाज दुसऱ्याला त्याच्या भूमीवरून पुसून टाकीत आहे, ही तिची पार्श्वभूमी. परंतु लेखक लढाया सांगत नाही, आकडे देत नाही. कोणत्या बाजूचे आपण, हे ज्याला ठरविता येत नाही अशा एका पोरक्या मुलाच्या पावलांनी तो चालतो. बाग्राद्यान अर्धा परका असूनही वेर्फेलने त्याला सेनापती केले. रिक्टरने आपल्या मुलाला पोरकाच राहू दिले. दुसरी वाट खुर्द्याच्या जवळून जाते. जी. एं.सारख्या नियतीचा शोध घेणाऱ्या लेखकाला ती आपल्या भाषेत आणावीशी वाटली, यात एक संगती आहे.

६

आर्मेनियाचा विषय मराठी माणसाला परका आहे, असे मानण्याचे कारण नाही. जगातील पहिले आर्मेनियन नियतकालिक १७९४ साली मद्रासेत छापले गेले. परंतु याहून निकटचा आणि दुःखद असा एक संबंध आहे.

धारवाडपासून काही तासांच्या अंतरावर बेळगाव येथे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. कुत-अल-अमारा येथे ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत, म्हणजे सुमारे १४५ दिवस, त्या वेढ्यात सापडल्या. अखेरीस घोडे आणि खेचरे मारून खाण्याची पाळी आली आणि सुमारे १३,००० माणसे तुर्कांच्या कैदेत गेली. त्यांत मोठी संख्या हिंदी शिपायांची आणि छावणीतील नोकरांची होती. या कैद्यांना बगदाद, मोसूल, निसिबिन या वाटेने उन्हातून चालवीत नेण्यात आले. पुष्कळसे हिंदी कैदी रास अल-ऐन येथे रेल्वेच्या कामावर राबले.

रास अल-ऐन. हे नाव वर येऊन गेले आहे. १९१६ च्या वसंतात तेथील छावणीतील आर्मेनियनांची कत्तल झाली, आणि त्याच वर्षी सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, बेळगाव या भागांतून भरती होणाऱ्या पलटणींचे उपाशी कैदी त्याच वाटेवर होते. एका संहाराच्या रिकाम्या घरांजवळून दुसऱ्या प्रकारचा खुर्दा चालत गेला. बंगालीत या वाटेची साक्ष ग्रंथरूपाने उरली आहे. कुत येथे पकडला गेलेला शिशिरप्रसाद सर्वाधिकारी हा रुग्णसेवक ‘अभि ले बगदाद’ या पुस्तकात आर्मेनियनांच्या दशेविषयी लिहून गेला. कॅप्टन कल्याण मुखर्जी हा डॉक्टर १९१७ साली कैदेतच वारला, आणि मोक्षदादेवी या त्याच्या आजीने १९२८ साली त्याचे चरित्र त्याच्या पत्रांसह प्रसिद्ध केले. युद्धाला जन्म देणाऱ्या देशाभिमानावर त्या पत्रांत जी टीका आहे, ती वाचताना वेर्फेलची आठवण झाल्यावाचून राहत नाही. हे दोघे शिकलेले होते, लिहिते होते. पलटणीतला शिपाई बहुधा निरक्षर होता. त्याने जे पाहिले ते त्याच्याबरोबर वाळूत तरी गेले, नाही तर गावी परतून ओसरीवर चार शब्दांत संपले.

येथे मराठी कादंबरीकाराला जे द्रव्य उपलब्ध आहे, ते वेर्फेललाही नव्हते. हा शिपाई नायक नाही. तो परक्या साम्राज्यासाठी लढावयास गेला होता. त्यात त्याचा पगार होता, घरचे कर्ज होते, घराण्याची रीत होती. तो आर्मेनियनांचा तारणहारही नाही. त्याच्या स्वतःच्या पायांत वहाण नव्हती. त्याला त्या लोकांची भाषा येत नव्हती, त्यांचे नावही कदाचित ठाऊक नव्हते. परंतु वाटेतल्या विहिरीपाशी तो थांबला असेल, रिकाम्या घराच्या चुलीतील राख त्याने पाहिली असेल, आणि हे घर आपल्याच घरासारखे आहे हे त्याला कळले असेल. साक्षीदार होण्याची पात्रता याहून अधिक काय असते? ‘असेल’ हा शब्द इतिहासकाराला वर्ज्य आहे; कादंबरीकाराचा सारा अधिकार त्याच एका शब्दात आहे. मात्र तो अधिकार वापरताना या शिपायाला शेवटच्या प्रकरणात हत्यार देऊन कोणा आर्मेनियन मुलीला सोडविण्यास लावले, तर पुन्हा मोत्याचीच कथा होईल आणि खुर्दा पुन्हा एकदा उडेल.

वेर्फेलची थोरवी नाकारण्याचा येथे हेतू नाही. त्याने जगाला ऐकावयास लावले; त्याच्या पुस्तकावाचून पुढची पुस्तके झाली नसती. परंतु संहारावरील कादंबरीची कसोटी त्याच्या डोंगरावर लागत नाही; ती खालच्या वाटेवर लागते. मरणाऱ्याला मोठे न करता त्याचे मूल्य तिला दाखविता आले पाहिजे. मारणाऱ्याला राक्षस न करता त्याचा अपराध दाखविता आला पाहिजे. आणि वाचकाला रडवून मोकळे न करता त्याच्याकडे एक हिशेब सोपविता आला पाहिजे. पानिपताच्या पत्रलेखकाने जो हिशेब अशक्य म्हणून सोडून दिला, तो एकेका नाण्यापासून पुन्हा मांडण्याचे काम बखरीचे नव्हते, इतिहासाला ते पुरते साधत नाही. ते कादंबरीचे आहे. आणि मराठी कादंबरीला त्यासाठी कोठे दूर जावयाचे झाल्यास, तिची माणसे त्या वाटेने पूर्वीच चालून गेली आहेत.